चिखलाच्या वजनावर तोललेली विहीर

डहाणूच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले तर पाण्याखेरीज काही दिसत नाही. खाली नैऋत्येला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘बॉम्बे हाय’ आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला तेथे तेल लागले, ही कथा सर्वपरिचित आहे. जुलै १९८२ ची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

नारळीपौर्णिमेपूर्वीचे ते दिवस. डहाणूकडच्या मांगेल्यांच्या होड्या या काळात किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. अशाच खवळलेल्या समुद्रात ‘सागर विकास’ या रिगवरील विहिरीचा ताबा सुटला. वायू उसळला, रिग पेटली.

हा ‘ताबा’ असतो तरी कशाचा? भूगर्भातील तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. त्यांना रोखतो तो ‘मड’चा, म्हणजे बराइट घालून जड केलेल्या चिखलाचा, विहिरीत उभा असलेला स्तंभ. तो हलका पडला की वायू आत घुसतो. यालाच ‘किक’ म्हणतात. फार जड केला तर खडक फाटतो, चिखल तिकडेच जिरतो, पातळी उतरते आणि पुन्हा वायूलाच वाट मिळते. बॉम्बे हायच्या चुनखडीत चिखल जिरण्याची ही खोड जुनीच. तेथे पाणी तरी जेमतेम ७५ मीटर. दीड हजार मीटर पाण्याखाली खडकावर दगडमातीऐवजी पाण्याचाच भार अधिक असतो. तो लवकर फाटतो, आणि ‘हलके’ व ‘जड’ यांतील अंतर फार अरुंद होते.

किकची पहिली खूण अगदी घरगुती आहे: जितका चिखल आत सोडला त्याहून अधिक टाकीत परत येतो. ड्रिलर पंप थांबवून पाहतो. प्रवाह चालूच असेल तर विहिरीच्या तोंडावरील ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’ मिटतो. मग चोकमधून वायू हळूहळू सोडत जड चिखल भरला जातो. घाई चालत नाही, कारण वर येताना वायू फुगत जातो.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर हे यंत्र होतेच. अपघातापूर्वी काही तास झालेल्या चाचणीत नळीवरचा दाब चढलेलाही दिसला होता. त्याचा सोयीचा अर्थ लावून काम पुढे नेले गेले. अकरा कामगार गेले. यंत्राइतकेच महत्त्व आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आहे, आणि म्हणूनच विहीर मिटण्यासाठी ड्रिलरने कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये, असा या व्यवसायाचा दंडक आहे.