आधी विचारावं, मग चूल पेटवावी

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी गेल्या आणि तिथल्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्या, तरी मांसमच्छी शिवली नाही. अंडं घातलेलं पुडिंगही नको म्हणाल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी पत्रातून उलट विचारलं: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का?

वैद्यकीय शिबिराला, पूरग्रस्त गावाला किंवा आदिवासी पाड्यावर निघालेल्या चर्चच्या तुकडीत स्वयंपाकाची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्यानं ही पत्रं जरूर वाचावीत. शिधा भरण्याआधी विचारायचा प्रश्न त्यांत आहे: जेवणाऱ्याला काय चालतं?

रमाबाई स्वतः यजमानीण झाल्यावरही तो प्रश्न विसरल्या नाहीत. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या ब्राह्मण विधवांना आपापल्या आचाराप्रमाणे रांधायची, जेवायची मोकळीक ठेवली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. भूक त्यांना ठाऊक होती. १८७४ साली आईवडील गेले ते उपासमारीनंच. आपण रानातली बोरं आठळ्यांसकट गिळून दिवस काढल्याचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं होती. माणशी वेळेला १०० ग्रॅम कोरडं धान्य धरलं, तरी एका जेवणाला दोन क्विंटल लागतात. निवडणं, दळणं, सरपण आणि पाणी वेगळंच. मुक्तीच्या इतिहासात प्रार्थनांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या पातेल्यांबद्दलही तितकंच लिहिलं जायला हवं होतं.

आपल्याकडे पाहुणचार म्हणजे आग्रह. आणखी एक पोळी, अर्धी वाटी आमटी, नको म्हटलं तरी वाढायची. उपाशी माणसापुढे मात्र हाच आग्रह जिवावर बेततो. दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर जेवण गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं अतिकुपोषित मुलांसाठी ठरवलेल्या सुरुवातीच्या दुधाळ आहारात १०० मिलिलिटरला फक्त ७५ कॅलरी असतात, आणि तो दर दोन-तीन तासांनी थोडाथोडा पाजतात. मूल आणखी मागत असतं आणि वाढणाऱ्याला हात आखडावा लागतो. हाताला चव असलेल्या बाईला हे फार जड जातं. पण त्या वेळी तीच खरी माया असते.

सुदृढ माणसांच्या पंगतीचं गणित निराळं. पन्नास जणांना पाच किलो तांदूळ आणि दोन-अडीच किलो डाळ पुरते. पण पाच जणांच्या आमटीचं प्रमाण दहापट केलं की ती हमखास बिघडते. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानानं कमी आटतं, म्हणून पाणी दहापट लागत नाही. तिखट आणि मीठही आधी कमीच घालून चव घेत वाढवायचं. भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढलेला बरा, नाहीतर तळ करपतो आणि वरचा कच्चा राहतो. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास झाकून ठेवणं तर धोक्याचंच. त्यातल्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. शिबिरात रुग्ण तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच उलट्या सुरू झाल्या, तर सगळा दौरा वाया.

आणखी एक गोष्ट वाढपाच्या जागीच ठरते. दुष्काळात अन्नाच्या मोबदल्यात धर्म दिला, हा आरोप मिशनांवर वारंवार झाला. त्याला उत्तर व्याख्यानातून देता येत नाही. तुकडीनं जेवणाआधी आपली प्रार्थना जरूर करावी, पण ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून ती वसूल करू नये. प्रवचन ऐकून मग जेवण, हा क्रम तर मुळीच नको. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवतो. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना तो आधी न्याहारीला बोलावतो. पेत्राशी गंभीर बोलणं होतं ते न्याहारी उरकल्यावर.

आणि लूकच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना गावोगाव पाठवताना येशू बजावतो की पुढ्यात वाढतील ते खा. म्हणजे मुळात दौऱ्यावर निघालेलाच पाहुणा आहे. पातेली, शेगडी, तांदूळ सगळं बरोबर नेणाऱ्या तुकड्यांना याचा विसर पडतो. पाड्यावरची म्हातारी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली, की स्वयंपाक्यानं आपली आमटी बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसावं, भाकरी कशी थापली ते विचारावं आणि दुसऱ्या दिवशी तिलाच चुलीपाशी बोलवावं. गावातल्या कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, हे तिलाच माहीत असतं.