शिंदळ माकुडीचे दोन श्वास

शिंदळ माकुडीला भर पावसाळ्यात ओळखणं अवघड, कारण तेव्हा ती चारचौघींसारखीच दिसते. कड्याच्या कपारीतून खाली लोंबणाऱ्या फांद्या, त्यांवर लांबट, जराशी मांसल हिरवी पानं आणि भोवती माजलेलं गवत. नजर पानांवर ठरते आणि तिथेच फसते. पानं बाजूला सारून खोड बघावं. बोटाएवढं जाड, गुळगुळीत, राखाडी झाक असलेलं, आत पाणी राखून बसलेलं. ती खरी शिंदळ माकुडी. पाऊस सरला की पानं पिवळी पडून गळतात आणि उन्हाळाभर उरतात नुसत्या उघड्या कांड्या. रुईच्या कुळातल्या तिच्या जवळच्या मांसल भावंडांना, आपल्याकडच्या माकडशिंगांपासून आफ्रिकेतल्या स्टापेलियापर्यंत, अशी पानं फुटत नाहीत. म्हणून ती वेगळी.

फुलल्यावर मात्र शंकेला जागा नाही. श्रावण-भाद्रपदात पेरांपाशी पाच टोकांची चांदणी उमलते. गडद किरमिजी रंग, त्यावर पिवळे डाग, पाकळ्यांच्या कडेला बारीक लव. इतक्या लहान जागेत इतकं नेटकं काम मी दुसऱ्या फुलात पाहिलेलं नाही. वास आपल्यासाठी नाही, माश्यांसाठी आहे. परागीकरण त्या करतात.

डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जुन्नर भागातून या झाडाचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर अशा गडांच्या कड्यांवर ती आजही तग धरून आहे. महाराष्ट्राबाहेर रानात ती कुठेच उगवत नाही. गुरं-शेळ्यांचं तोंड पोचतं तिथून ती केव्हाच हटली. दरड कोसळली, गवताला वणवा लागला की उरलेलीही जाते.

तिच्याबद्दलची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लांगे आणि झुबर या संशोधकांनी १९७७ मध्ये ती मांडली. या झाडाची पानं आंब्या-जांभळाच्या पानांसारखी दिवसा हवा आत घेतात. खोड मात्र निवडुंगाच्या रीतीने चालतं: दिवसा रंध्रं मिटून पाणी वाचवायचं आणि रात्रीच्या गारव्यात हवा घ्यायची. चार महिने पाण्याची चंगळ आणि आठ महिने तापलेला कातळ, या दोन्हींना पुरी पडणारी अशी व्यवस्था एकाच झाडात नांदते. सह्याद्रीचं हवामान त्या देहात उतरलं आहे, असं मला वाटतं.

कुंडीत लावायची तर हेच लक्षात ठेवून. माती कमी, जाड वाळू, विटांचा चुरा, बारीक खडी जास्त, वर मूठभर कुजलेलं शेणखत. कुंडी उथळ आणि शक्यतो टांगलेली, फांद्यांना लोंबायला आवडतं. सकाळचं ऊन द्यावं, दुपारचं टाळावं. पानं असतील तोवर माती वाळली की पाणी द्यावं. पानं गळायला लागली की हात आखडता घ्यावा. नेमकं इथे माणसं चुकतात: झाड सुकतंय असं वाटून जास्त पाणी घालतात आणि खोड बुडापासून कुजतं. पेरांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो, तो ओल्या कापसाने पुसून काढावा.

नवं रोप करणं सोपं आहे. फांदीचा तुकडा कापावा, सावलीत ठेवून जखम पुरती वाळू द्यावी आणि मग वाळूत टेकवावा; मुळं धरतात. फांदी मागायची ती कुणाच्या तरी कुंडीतली, कड्यावरची नव्हे. पण तुकड्यांनी कितीही कुंड्या भरल्या तरी त्या सगळ्या एकाच झाडाच्या प्रती. रोगाला, बदलत्या पावसाला तोंड देणारं वैविध्य फक्त बियांतून येतं. म्हणून वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या मिळवून त्या शेजारी शेजारी वाढवाव्यात. माश्यांना हाकलू नये. कधी शिंगांसारखी शेंगांची जोडी धरलीच, तर ती तडकायच्या आत तिला मलमलीचा तुकडा सैल बांधावा. बियांना रुईसारखा कापूस असतो, वाऱ्याची एक झुळूक त्यांना पुरते. बी ताजं असतानाच वाळूवर पेरावं.