ईसेच्या पत्रास सुदुंबऱ्याहून उत्तर

मुक्काम सुदुंबरे, तालुका मावळ



जपानातील ईसेच्या देवस्थानाविषयीचे तुझे पत्र पावले. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हिनोकीच्या कोऱ्या लाकडाचे तंतोतंत तसेच देऊळ उभारून जुने उतरवावयाचे, ही सातव्या शतकाच्या अखेरीपासूनची रीत 2013 साली बासष्टाव्या खेपेस पार पडली, हे लिहून ‘मग यातले प्राचीन ते काय?’ असा जो सवाल तू टाकला आहेस, तो मनात घोळवीतच मी संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीस गेलो.

येथला प्रकार नेमका उलट. तेथे घाट कायम, जागा आणि लाकूड बदलते. येथे समाधीची जागा तसूभर हालावयाची नाही, भोवतालचे बांधकाम मात्र ज्या पिढीची जशी ऐपत तसे. जीर्णोद्धाराचा आपल्याला उत्साह दांडगा. परंतु जुन्या कामाची मापे दप्तरी ठेवण्याची तजवीज क्वचितच कोणी करतो, आणि ईसेचे सुतार तर वीस वर्षांच्या आत आपले कसब पुढच्या हाती सोपवून मोकळे होतात.

ईसेला तुला मात्र देवळापुढच्या पांढऱ्या पडद्याअलीकडूनच परतावे लागले. येथे कोणीही थेट समाधीवर कपाळ टेकतो. संताजी म्हणजे चाकणचा तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. त्यांच्या देहावर कितीही माती लोटली तरी मुख झाकेना, तेव्हा वैकुंठवासी तुकोबांनी स्वतः येऊन मूठमाती दिली, अशी कथा आहे. शेजारी बसलेल्या एका आजींनी ती सांगताना बोटे एकेक करून अशी उलगडली की, मी नकळत खाली जमिनीकडे पाहिले.

ईसेच्या जोडीस बसवावयाची ती खरी संताजींची वही. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, आणि त्या वहीच्या आधारे ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी 1919 च्या सुमारास ‘अस्सल गाथा’ छापला. कागद जीर्ण व्हावयाचा आणि मजकूर नव्या वहीत उतरावयाचा, हा क्रम वारकऱ्यांच्या घरोघर चालला. म्हणजे तुझ्या सुतारांचा शिरस्ता आपण दगडविटांच्या बाबतीत पाळला नसला, तरी अक्षरांच्या बाबतीत पाळला. नक्कल करताना हात थोडाफार चुकतोच, हा धोका ईसेलाही असणार.

उतरविलेल्या देवळाचे मुख्य खांब उजी पुलाच्या तोरणांस लावतात म्हणे. पुन्हा जाशील तेव्हा त्यांवरील रंध्यांच्या खुणा नीट पाहून सविस्तर कळव. तब्येतीस जप.

तुझा,
मामा