सरळ रेषेची कमाई

विद्यालयाच्या कार्यशाळेत एक लेथ यंत्र आहे. त्याच्यावर कोणत्याही कंपनीची पाटी नाही, कारण ते आम्ही माजी विद्यार्थ्यांनी उभे केले आहे. नवे यंत्र आवाक्याबाहेरचे होते आणि लेथवाचून धातुकाम शिकवणे म्हणजे पाटीवाचून अक्षरे गिरवणे.

सातारा-सांगलीच्या मातीला असे धाडस नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोडच्या उजाड माळावर कारखाना वसवला. तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने नाव मिळवलेल्या या घराण्याने १९४१ साली हरिहर येथे लेथ बनवण्याचा उद्योगही उभारला. आमची झेप त्यापुढे लहानच. पण अडचणीची जात तीच होती.

काटकसर कोठे करावी, हे आम्ही आधी ठरवले. बेडसाठी भंगारातील जाड पोलादी पट्ट्या घेतल्या, मोटर आणि चक जुने मिळवले. स्पिंडलची बेअरिंगे मात्र नवी घेतली; स्पिंडल डगमगला तर पुढील सारे श्रम व्यर्थ ठरतात. पट्ट्या सपाट करण्यासाठी यंत्र नव्हते. सरफेस प्लेटवर निळा रंग पुसट लावून पट्टी घासावी, जेथे रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडावा आणि पुन्हा घासावी. या कामाला पैसा लागत नाही, दिवस लागतात.

खरी परीक्षा जुळणीत होती आणि तिचा क्रम मोडता येत नाही. प्रथम बेडमधील पीळ काढावा लागतो. गवंड्याची पाणसळ येथे अपुरी, मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी पाणसळ आम्ही मागून आणली. ती बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पायांखाली पातळ पत्रे सरकवत गेलो. दोन्ही ठिकाणी बुडबुडा सारखाच थांबला पाहिजे. यंत्र किंचित कलते असले तरी चालते, पिळलेले चालत नाही.

नंतर हेडस्टॉक. चकमध्ये जाड सळई धरून ती १५० मिलिमीटर बाहेर ठेवली आणि टेलस्टॉकचा आधार न देता दोन्ही टोकांना हलका काप घेतला. मायक्रोमीटरने दोन व्यासांत ०.०४ मिलिमीटर फरक दाखवला, म्हणजे तेवढ्या लांबीत अक्ष ०.०२ ने कललेला होता. हेडस्टॉक केसभर सरकवावा, पुन्हा कापावे, पुन्हा मोजावे. दोन्ही व्यास जुळल्यावरच टेलस्टॉकला हात लावला. दोन सेंटरमध्ये सळई धरून त्याचीही तीच परीक्षा घेतली.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धुके खिडकीतून आत येते आणि उघडे पोलाद पाहता पाहता तांबडे होते. म्हणून रोज सायंकाळी तेलाचा हात फिरवणे आणि पावसाळा सरला की पाणसळ पुन्हा लावणे, हा आता कार्यशाळेचा नेम झाला आहे.

आपल्या वाडवडिलांच्या हातांना श्रम पिढ्यानपिढ्या मिळाले. मोजमापाचे साधन मात्र क्वचितच मिळाले. मुलगा कारखान्यात जाणार म्हणून ज्या पालकांचे मन खट्टू होते, त्यांनी एकदा या यंत्रापाशी उभे राहावे. तेथे तेरा-चौदा वर्षांची मुले मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल वाद घालतात आणि मायक्रोमीटर जे सांगेल ते मान्य करतात.