सिलिकॉन ओएसिसमधले शेजारी आणि फुटबॉल



दुबई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बुर्ज खलिफा, सोन्याचा बाजार आणि मोठमोठाले मॉल येतात. आज मी तुम्हाला जिथे नेणार आहे तिथे पर्यटकांच्या बसगाड्या थांबत नाहीत. त्या वसाहतीचं नाव दुबई सिलिकॉन ओएसिस. शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि दुबईहून अल ऐनला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, त्या बाजूला सुमारे ७.२ चौरस किलोमीटर जागेवर सरकारने ती वसवली. हे एक मुक्त व्यापार क्षेत्र, म्हणजे फ्री झोन. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या इथे याव्यात, त्यांची माणसं इथेच राहावीत, असा बेत होता.

बालमित्रांनो, नाव किती चपखल ठेवलंय बघा. सिलिकॉन म्हणजे संगणकाच्या चिपसाठी लागणारं मूलद्रव्य, आणि ते मिळतं वाळूतून! ओएसिस म्हणजे वाळवंटातली पाण्याची हिरवी जागा, आपण हिब्रूत 'नेवे मिदबार' म्हणतो ती. वाळूची तर दुबईला काही कमतरता नाही.

२०२२ च्या डिसेंबरात मी तिथे माझ्या भाच्याकडे दहा-बारा दिवस राहिले. तो मूळचा ठाण्याचा, नोकरीसाठी तिथे गेलेला. दुबई आणि तेल अवीवमध्ये विमानं सुरू झाली ती २०२० च्या नोव्हेंबरात. त्याआधी आपल्यातल्या कुणी दुबईला नातेवाइकाकडे जायचं म्हटलं असतं तर लोक हसले असते.

सिलिकॉन ओएसिसमध्ये बघण्यासारखं काय, असं विचाराल तर उत्तर एकच, माणसं. सकाळी बाल्कनीत उभं राहावं आणि शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं मोजावीत. भारतीय, पाकिस्तानी, इजिप्तचे, लेबनॉनचे, फिलिपिनो, इंग्रज, फ्रेंच. शेजारीच अकॅडमिक सिटी असल्यामुळे कॉलेजची मुलंही पुष्कळ. खाली कॅफेटेरियात केरळचा पोऱ्या कडक चहा देतो, त्याला तिथे 'करक' म्हणतात. मेट्रो अजून तिथवर पोचलेली नाही. तिची निळी मार्गिका २०२९ साली येणार आहे. तोवर बस, टॅक्सी नाहीतर आपली मोटार. संध्याकाळी ऊन उतरलं की इमारतींच्या मधल्या छोट्या मैदानांवर दिवे लागतात आणि पोरं फुटबॉल खेळायला उतरतात. ती बहुतेक भारताची मुलं, पण अंगात शर्ट मात्र कुणाचा मेस्सीचा, कुणाचा रोनाल्डोचा.

आणि तेव्हा तर शेजारच्या कतारमध्ये वर्ल्ड कप चालला होता. मग काय विचारता! समोरच्या बाल्कनीवर ब्राझीलचा झेंडा, त्याच्या वर अर्जेंटिनाचा, कोपऱ्यात मोरोक्कोचा. १० डिसेंबरला मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असं हरवलं आणि सेमीफायनल गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला संघ ठरला. त्या रात्री खाली मोटारींचे भोंगे थांबेनात. मला आपल्या अश्दोदच्या मोरोक्कन शेजारणी आठवल्या. त्याही त्या रात्री नाचत होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. म्हणजे एकाच गोलासाठी दुबईत मुसलमान शेजारी आणि अश्दोदमध्ये यहुदी शेजारी दोघेही आनंदले!

माझ्या भाच्याचा मुलगा बारा वर्षांचा, कट्टर अर्जेंटिनावाला. त्याच्या वर्गातला फ्रेंच मुलगा त्याच इमारतीत राहतो. १८ डिसेंबरच्या फायनलआधी आमच्या पोराने एक कागद रंगवला. त्यावर फ्रान्सच्या खेळाडूंची चित्रं काढून खाली काहीतरी वंगाळ लिहिलं होतं. तो म्हणाला, "आजी, मी हा त्याच्या दाराला चिकटवणार." त्याची आई रागावली. तर हा विचारतो, "समोरच्या टीमचा मान कशाला ठेवायचा? ते तर आपले दुश्मन!"

वाचकहो, प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. मोठमोठी माणसंही हेच म्हणतात. तिकीट काढलंय, ओरडणार. शिव्या दिल्या नाहीत तर मॅच कसली, लग्नातलं जेवणच झालं ते!

या म्हणण्यात थोडं तथ्य आहेच. फुटबॉलला जोश हवा. तेव्हा आधी दुबईचंच उदाहरण घेऊ. तिथे अल नस्र आणि अल वस्ल हे दोन जुने क्लब, आणि त्यांची चुरसही जुनीच. अल वस्लचा प्रशिक्षक म्हणून २०११ साली खुद्द मॅराडोना आला होता. मार्च २०१२ मध्ये अल शबाबविरुद्ध त्याचा संघ हरला. त्या मॅचमध्ये समोरच्या प्रेक्षकांनी अल वस्लच्या लोकांच्या बायकांना अपशब्द वापरले, असं म्हणत तो रागाने थेट प्रेक्षकांच्या गॅलरीत चढला. सगळ्या जगाने ते चित्र पाहिलं. हरल्याचं दुःख त्याने सोसलं असतं. बायकांवर घसरलेलं त्याला सोसलं नाही. पुढे २०१४ साली अमिरातीने कायदाच केला. स्टेडियममध्ये शिवीगाळ केली, वस्तू फेकल्या तर दंड आणि कैदसुद्धा. कायदा हवाच. पण दंडाच्या भीतीने तोंड बंद होतं, मन काही बदलत नाही.

याच दुबईत दुसरी गोष्टही घडली. सप्टेंबर २०२० मध्ये अल नस्रने दिया साबा या खेळाडूला घेतलं. बीरशेवाच्या वाचकांना तो ठाऊक असेल, कारण तो तुमच्या हापोएलकडून खेळलेला. गलीलमधल्या मज्द अल-क्रूम गावचा हा अरब मुलगा इस्राएलच्या राष्ट्रीय संघातही होता. अमिरातीच्या लीगमध्ये खेळायला गेलेला तो पहिला इस्राएली खेळाडू. कालपर्यंत ज्या देशाचं नाव तिथे घेत नव्हते, त्या देशाचा माणूस त्यांच्या क्लबचा शर्ट घालून मैदानात उतरला.

आता आपल्या घरातलं बघू, कारण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणं सोपं असतं. यरुशलेमच्या बेतारची हकीकत तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. २०१३ च्या सुरुवातीला क्लबने चेचन्याहून दोन मुसलमान खेळाडू आणले. काही प्रेक्षक खवळले. फेब्रुवारीत क्लबच्या कार्यालयाला आग लावली गेली आणि जुन्या ठेव्यांची राख झाली. ३ मार्चला त्या दोघांपैकी झाउर सादायेव्हने मक्काबी नतान्याविरुद्ध गोल केला. बेतारच्याच खेळाडूने, बेतारसाठी! आणि बेतारचेच शेकडो प्रेक्षक उठून स्टेडियमबाहेर निघून गेले.

बालमित्रांनो, इथे जरा थांबून विचार करा. आधी शिव्या समोरच्या संघातल्या अरब खेळाडूंना दिल्या जात होत्या. लोक म्हणाले, जाऊ द्या, खेळात चालतं. मग तीच शिवी आपल्याच संघातल्या माणसापर्यंत आली. मग आग आपल्याच घराला लागली. दुसऱ्याला हिणवायची सवय उंबरठ्याबाहेर राहत नाही, ती घरात शिरते. २०२० च्या डिसेंबरात अमिरातीच्या राजघराण्यातल्या एका शेखने या क्लबमध्ये अर्धी भागीदारी घ्यायचं ठरवलं, तेव्हाही स्टेडियमच्या भिंतींवर त्याच्याविरुद्ध घाण लिहिली गेली. तो सौदा पुढे पूर्ण झाला नाही. पण हेही सांगायला हवं की सगळे बेतारवाले असे नाहीत. या द्वेषाला कंटाळून त्यांच्यातल्याच काही जणांनी २०१४ साली बेतार नोर्दिया नावाचा वेगळा क्लब काढला. कोल हाकावोद त्यांना!

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड कोल्हापूरला. मुंबईकर ज्येष्ठांना कूपरेज आणि रोव्हर्स कप आठवत असेल, पण कोल्हापूरची गोष्टच निराळी. तिथे कुस्तीच्या तालमींमधून फुटबॉलचे संघ निघाले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, ही नावंच बघा ना. प्रत्येक पेठेचा आपला संघ, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ लोटते. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. पण याच स्टेडियमबाहेर समर्थकांच्या मारामाऱ्या आणि दगडफेकही कितीदा झाली आहे. दगड मारणारा आणि खाणारा दोघेही त्याच गावचे, दुसऱ्या दिवशी भाजी आणायला त्याच मंडईत जाणारे.

आणि कलकत्त्याचं तर कुणी विसरू नये. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षक घरी परत गेलेच नाहीत. फुटबॉल बघायला गेलेली माणसं होती ती! अजून तिथे त्या दिवशी त्यांच्या आठवणीत रक्तदान करतात.

तर मग करावं काय? मला वाटतं, आपल्या मराठीतच याचं उत्तर आहे. चिडवणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. "तुमचा गोलकीपर झोपला काय?" हे चिडवणं. त्याने समोरचाही हसतो आणि दुसऱ्या मॅचला परतफेड करतो. पण त्याच्या आईवर, धर्मावर, कातडीच्या रंगावर, देशावर गेलात की ते हिणवणं झालं. चिडवण्यात समोरचा खेळगडी राहतो, हिणवलं की तो वैरी होतो. आणि खेळगडीच उरला नाही तर खेळायचं कुणाशी? एकट्या संघाची कधी मॅच होते का?

सिलिकॉन ओएसिसमध्ये हे शिकवायला पुस्तक लागत नाही, कारण रात्री ज्याला हरवलं तो सकाळी लिफ्टमध्ये भेटतोच. आमच्या पोराचा तो कागद त्याच्या बाबाने फाडला नाही. एवढंच म्हणाला, "चिकटव, पण बेल वाजवून, त्याच्या आईच्या समोर चिकटव." पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच दुसरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, "आज एम्बाप्पे रडणार!" हे चाललं. त्या रात्री एम्बाप्पेने तीन गोल केले आणि रडवेला झाला तो आमचा पोरगा! ३-३ अशी बरोबरी झाली आणि शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. तो फ्रेंच मुलगा उभा होता. डोळे लाल, पण हात पुढे केलेला. म्हणाला, "मबरूक." हा शब्द दोघांनीही शाळेतल्या अरब मित्रांकडून उचललेला.

बालमित्रांनो, अरबीतला मबरूक, आपण बोलतो तो मुबारक आणि आपला हिब्रू बारूख, हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत बरं का. आणि ज्याला आपण शाबासकी देताना 'कोल हाकावोद' म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ 'सगळा मान'. अर्धा मान नव्हे, सगळा! तेव्हा पुढच्या वेळी टेडी स्टेडियमला, बीरशेवाला किंवा घरच्या टीव्हीसमोर बसाल तेव्हा आपल्या संघासाठी घसा फुटेस्तोवर ओरडा. समोरच्याला खुशाल चिडवा. पण मॅच संपली की, जिंकलात तरी आणि हरलात तरी, हात पुढे करा. आजी-आजोबांनो, तुम्हीही नातवंडांच्या शेजारी बसून मॅच बघा. आपण टीव्हीपुढे काय बोलतो ते पोरं ऐकत असतात.