अस्सल आर-फोर कुठं मिळेल?

बदलापूरच्या मावसभावानं कपाट आवरताना त्याचा जुना निन्टेन्डो डीएस लाइट मला देऊन टाकला. गेमच्या कॅसेट केव्हाच हरवलेल्या. ‘आर-फोर घे, त्यात मेमरी कार्ड टाकलं की झालं,’ म्हणाला. आर-फोर म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं.

ते असतं डीएसच्या कॅसेटएवढंच. पोटात मायक्रोएसडी बसतं. हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेले गेम त्यावर चालतात. चोरीचेही चालतात, म्हणून निन्टेन्डो कोर्टात गेली आणि टोकियोत २००९ मध्ये, लंडनमध्ये २०१० मध्ये निकाल विक्रेत्यांच्या विरोधात लागले.

अंबरनाथला मोबाइलवाल्यांनी नावही ऐकलं नव्हतं. ‘उल्हासनगरला बघा, कॅम्पात मिळेल,’ हे आमच्याकडचं कशालाही मिळणारं उत्तर. कॅम्प तीनमधल्या एका दुकानदारानं खोक्यातून तीन कार्डं काढली. तिन्हींवर ‘आर-फोर’, तिन्हींवर ‘ओरिजिनल’, स्टिकर मात्र तीन तऱ्हांचे.

‘इसमें असली कौनसा?’

‘सब असली है, भाईसाब.’

डीएस सोबत होता म्हणून तिथंच लावून पाहिली. पहिलं पांढऱ्या पडद्यावर अडलं, दुसऱ्यानं तेच केलं, तिसरं चाललं. मग वाचत गेलो आणि डोकं आणखीच गरगरलं. मूळ आर-फोर दोन जीबीपेक्षा मोठं मेमरी कार्ड वाचतच नसे. एसडीएचसी, म्हणजे त्याहून मोठी मेमरी कार्डं चालतात असं छापलेली बहुतेक आर-फोर नंतर इतरांनी त्याच नावानं काढलेली. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला चालेलच असं नाही. कुठलं टाकायचं ते स्टिकरवर छापलेल्या वेबसाइटवरून ठरतं. काहींत तर मुदतीची तारीखच घातलेली असते. ती उलटली की कार्ड सुरू व्हायला नकार देतं.

मेमरी कार्डाचं तसं नाही. तिथं खरं-खोटं घरी तपासता येतं. नकली कार्ड आत ४ जीबी असून कॉम्प्युटरला ३२ सांगतं. चार भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढचं लिहिलेलं गायब. एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो आणि खरी जागा दाखवतो. ३२ जीबीच्या कार्डावर विंडोजनं २९.८ दाखवले तर घाबरू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक.

तेव्हा नवख्यानं ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्नच विचारू नये. डीएस सोबत न्यावा, कार्ड समोर चालवून बघावं, स्टिकरवरचा पत्ता वाचावा, मेमरी कार्ड वेगळं आणि बिलासह घ्यावं. पैसे त्यानंतर मोजावेत.