साडेतीन पीठं, चार दोष आणि माहूरच्या पायऱ्या

महाराष्ट्रात देवीची पीठं साडेतीन. माझ्या हृदयात जन्मतःच दोष चार! खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी नेमकी त्या भोकावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. फालो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८८ मध्ये या चौकडीचं वर्णन केलं, म्हणून नाव ‘टेट्रालॉजी ऑफ फालो’. चार वर्षांची असताना माझं ऑपरेशन झालं. तेव्हा आईने माहूरच्या रेणुकेला नवस केला होता. तो फेडायला मुहूर्त लागला तब्बल पंचवीस वर्षांनी.

पुण्याहून रात्रीच्या ट्रेनने नांदेड, तिथून एसटी. धनोड्याला पैनगंगा ओलांडली की डोंगर जवळ येतात, सागाची झाडं दिसू लागतात आणि डोक्यातली डेडलाइन मागे पडते. गडावर हार-नारळाची दुकानं आणि खलबत्त्यात विडा कुटल्याचा ठकठक आवाज. इथला तांबूल म्हणजे देवीचा खास प्रसाद.

मग पायऱ्या. सुरुवात झोकात झाली. पण ऑफिसात लिफ्ट असते हो! निम्म्यावर छाती धडधडायला लागली आणि मी चक्क उकिडवी बसले. आईचा चेहरा उतरला.

“लहानपणी अशीच बसायचीस तू. निळी पडून.”

तसं बसल्यावर पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं. फालोची मुलं हे कुणी न शिकवता करतात.

“डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंस गं?”

“बारावीत.”

आई गप्प. मीही. कॉलेज, नोकरी, फ्लॅटचा हप्ता. व्रण झाकतील असे कुर्ते घेतले आणि विषय संपला असं समजले. ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

पण ऑपरेशन म्हणजे दुरुस्ती. कायमची सुटका नव्हे. अरुंद वाट मोठी करताना तिथली झडप बऱ्याचदा गळकी राहते. उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो, ठोके बिघडू शकतात, आणि वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. म्हणून इको, ईसीजी आयुष्यभर. बाळाचा विचार करण्याआधीही डॉक्टरांशी बोलायचं. गरज पडली तर नवी झडप बसवतात. २००० सालापासून काही जणांना ती पायाच्या शिरेतूनही बसवता येते.

दम खात खात वर पोचलो. गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे. परशुरामाने घाईने मागे वळून पाहिलं, म्हणून आई तेवढीच प्रकटली, असं इथे सांगतात. तरी माहूर साडेतिनांतलं पूर्ण पीठ!

तांबूल हातावर घेत आई म्हणाली, “फिटला बाई नवस.”

“तुझा फिटला. माझा दरवर्षीचा आहे.”

सोमवारी सुट्टीच्या अर्जावर पहिल्यांदाच खरं कारण लिहिलं : हृदयाची तपासणी. बॉसने दोन प्रश्न विचारले आणि रजा मंजूर केली. इकोत झडप गळताना दिसली. आता एमआरआय आहे.

त्या दिवशी दत्तशिखर राहून गेलं. पुढच्या वेळी नक्की. पण डॉक्टरांना विचारून, आणि पायऱ्यांवर घाई न करता.